चित्र आधीच काढलेले असेल, तर मागावर उरते काय?

आपला प्रश्न असा आहे : चित्रकलेचे शिक्षण पूर्ण करून आपण टॅपेस्ट्रीकडे, म्हणजे मागावर धाग्यांनी विणल्या जाणाऱ्या चित्राकडे, वळू पाहत आहात, परंतु एका कामाला तीन-चार महिने लागतात आणि चित्र तर पहिल्याच आठवड्यात कागदावर तयार असते, हे कळल्यावर आपल्याला शंका आली की उरलेल्या दिवसांत सर्जन असे काही घडते, की ती केवळ चिकाटीची मजुरी असते. असे आयुष्य वर्षानुवर्षे कसे निभते, हेही आपण विचारले आहे. मी गेली २६ वर्षे उभ्या मागावर टॅपेस्ट्री विणते आहे. मराठीत तिला चित्रजवनिका असा सुंदर शब्द आहे, पण मागावर बसणारे आम्ही सगळे टॅपेस्ट्रीच म्हणतो. आपला प्रश्न मला सुरुवातीची कित्येक वर्षे स्वतःलाही पडत असे, म्हणून उत्तर थोडे लांबले तरी चालेल असे मी धरून चालते.

आधी वस्तू नेमकी समजून घेऊ. भरतकामात कापड अगोदर तयार असते आणि चित्र त्यावर नंतर चढते. ‘बायो टॅपेस्ट्री’ या नावाने जगप्रसिद्ध असलेला अकराव्या शतकातील लांबलचक पट म्हणूनच खऱ्या अर्थाने टॅपेस्ट्री नाही. ते लिननच्या कापडावर लोकरीने केलेले भरतकाम आहे. टॅपेस्ट्रीत कापड आणि चित्र एकाच वेळी तयार होत जातात. बाणा, म्हणजे आडवा धागा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची कांडी, म्हणजे धागा गुंडाळलेली काडी, आपल्या क्षेत्रापुरती जाते, शेजारच्या रंगाला भेटते आणि तेथूनच माघारी फिरते, आणि तो बाणा इतका दाट ठोकला जातो की ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, पूर्णपणे झाकून जातो. मराठी घरात ही रीत नवी नाही. पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया आणि असावलीच्या वेली याच तत्त्वावर विणल्या जातात. येवल्याचा विणकर प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली चालवतो आणि रंग जेथे भेटतात तेथे धागे एकमेकांत अडकवतो, त्यामुळे अस्सल हातमागाच्या पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. काश्मीरची कानी शाल आणि पंजा या दातेरी हत्याराने ठोकलेली दरी, म्हणजे सतरंजी, हीदेखील याच कुळातली.

या रचनेतून एक गोष्ट आपोआप निघते आणि माझे सगळे उत्तर तिच्यावरच उभे आहे. टॅपेस्ट्री खालून वर वाढते आणि खालचे एकदा विणले की ते बंद होते. चित्रकार सायंकाळी परत येऊन आकाशाचा कोपरा बदलू शकतो, महिनाभराने एखाद्या चेहऱ्यावर पुन्हा हात फिरवू शकतो. मला खालच्या कोपऱ्यातला एक फेर, म्हणजे बाण्याची एक ओळ, बदलायचा असेल, तर त्याच्या वरचे सगळे उसवावे लागते. त्यातच तयार झालेला भाग खालच्या रुळावर गुंडाळला जात असल्याने कोणत्याही क्षणी माझ्या नजरेसमोर दीड-दोन फुटांचीच पट्टी असते. म्हणजे पूर्ण चित्र न पाहता, मागे जाण्याची सोय नसताना, रोज शंभर लहान निर्णय घ्यायचे असतात. कागदावरचे रेखाटन, ज्याला आमच्यात कार्टून म्हणतात, त्यांतले फार थोडे निर्णय आधी घेऊन ठेवू शकते.

मग ‘विणकर चित्राची नक्कल करतो’ ही समजूत आली कोठून? तिला इतिहास आहे. व्हॅटिकनमधील सिस्टिन चॅपेलसाठी चित्रकार रॅफेलने १५१५-१६ च्या सुमारास केलेली कार्टूने ब्रसेल्सला पाठवली गेली आणि तेथे आडव्या मागावर, उलट्या बाजूने विणली गेली. त्यामुळे विणलेले चित्र आरशातल्यासारखे उलटे येते आणि रॅफेलला ते ध्यानात ठेवूनच रेखाटावे लागले. विणण्याच्या सोयीसाठी ती कार्टूने कापून पट्ट्यांत विभागली गेली होती. त्यांपैकी सात आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दिसतात. येथून पुढे चित्रकार वरचढ होत गेला. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात ऊद्री या चित्रकाराने विणकरांनी चित्रातील छटा तंतोतंत उतरवाव्यात असा आग्रह धरला, विणकरांनी विरोध केला, आणि अखेर विणकर हरले. पुढे छटांची संख्या हजारोंत गेली, धागे बारीक होत गेले आणि टॅपेस्ट्री दुरून तैलचित्रासारखी दिसणे हीच तिची थोरवी मानली जाऊ लागली. आपला प्रश्न त्या पराभवातून आलेला आहे, असे मला मनापासून वाटते.

विलक्षण गोष्ट अशी की त्या आग्रहाला शास्त्रीय उत्तर मिळाले तेही गोबेलँमध्येच. रसायनशास्त्रज्ञ शेव्रल १८२४ मध्ये तेथील रंगकामाचे प्रमुख झाले. काळा रंग फिका पडतो, त्यात जोर नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तेव्हा रंगात काही खोट निघाली नाही. काळ्या धाग्याशेजारी जे निळे-जांभळे धागे होते त्यांच्यामुळे तो काळा डोळ्यांना दुबळा दिसत होता. त्यातून त्यांनी रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. चित्रकारांनी पुढे त्यातून खूप घेतले, पण मला त्यातला विणकराच्या कामाचा अर्थ अधिक मोलाचा वाटतो : धाग्याचा रंग लडीत ठरत नाही, तो शेजारी बसल्यावर ठरतो. आणि शेजारी तो मागावरच बसतो, कागदावर नव्हे.

विसाव्या शतकात झाँ ल्यूर्सा या फ्रेंच चित्रकाराने फ्रान्समधील आँजे येथील चौदाव्या शतकातली ‘अपोकॅलिप्स’ टॅपेस्ट्री पाहिली आणि जाड धागा, मोजके रंग, ठसठशीत आकार यांकडे परत जाण्याचा मार्ग धरला. ओब्युसाँ या टॅपेस्ट्रीसाठी प्रसिद्ध फ्रेंच गावातल्या मागांना त्याने नवे काम दिले. मी त्याची ऋणी आहे. तरीही त्याच्या क्रमांकित कार्टूनच्या पद्धतीशी माझा मतभेद आहे. प्रत्येक क्षेत्रात रंगाचा आकडा लिहून दिला की रंग मोजके होतात हे खरे, पण विणकराचा डोळा पुन्हा बांधला जातो. एडिंबरोच्या डव्हकॉट स्टुडिओत शिकाऊ विणकर म्हणून घडलेल्या आर्ची ब्रेननने दाखवलेली वाट मला अधिक जवळची आहे : चित्र विणायचे म्हणजे त्याचे भाषांतर करायचे, आणि भाषांतरकाराने आपली भाषा, म्हणजे धागा, पायऱ्या आणि कडा, लपवू नये.

आता माझ्याच एका कामाविषयी सांगते, कारण तत्त्व सांगून भागणार नाही. चार फूट रुंद आणि तीन फूट उंच, इंचाला आठ धागे, म्हणजे एकूण ३८४ धाग्यांचा ताणा. विषय वाळवणाचा होता. गच्चीवर पसरलेले फिकट निळे जुने नऊवारी लुगडे आणि त्यावर ओळीने घातलेले तांदळाचे पांढरे पापड. जलरंगातले रेखाटन मला आवडले होते आणि मी ते मापात मोठे करून ताण्यामागे लावले.

पहिलाच पापड विणताना ध्यानात आले की वर्तुळ ही या माध्यमातली अवघड गोष्ट आहे. पाच इंचांच्या वर्तुळाच्या रुंदीत चाळीस धागे येतात. त्याची कड गुळगुळीत नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि कोणती पायरी किती फेरांची ठेवायची यावर ते वर्तुळ गोल दिसेल की चेंबलेले, हे ठरते. शिवाय विणण्याचा एक क्रम पाळावाच लागतो. जो आकार वर जाताना पसरतो त्याला आधार हवा, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन आधी विणावी लागते. जो आकार वर जाताना आकसतो तो आधी विणायचा आणि जमीन नंतर त्याच्यावर येऊन मिटते. म्हणजे प्रत्येक पापडाच्या खालच्या अर्ध्यासाठी आधी निळ्या जमिनीची वाटी घडवायची, तीत पांढरा भरायचा, आणि मध्यावर आल्यावर ही अग्रता उलटी करायची. हे हाताला कळू लागले की रेखाटनातली रेषा मनातून पुसली जाते आणि त्या जागी क्रम येतो. मी पुढची चित्रे रेखाटतानाच क्रमाने विचार करू लागले, हा या पापडांचा माझ्यावर झालेला कायमचा परिणाम आहे.

दुसरी अडचण पांढऱ्याची. न रंगवलेली पांढरी लोकर निळ्याशेजारी बसताच पिवळसर, किंचित नारिंगी दिसू लागली. शेव्रलचा नियम माझ्या गच्चीवर उतरला होता. मी एका बाण्यात चार बारीक पदर एकत्र घेते. त्यांतला एक काढून तेथे फिकट राखी-निळा पदर घातला, तेव्हा पांढरा पांढरा दिसला. रंग मिसळण्याची आमची पद्धत ही अशी आहे, आणि एका पदराने काय घडते हे चार-सहा फेर ठोकल्याखेरीज कळत नाही.

दोन फूट उंची झाली तेव्हा पांढरी लोकर संपली. नवी आणलेली खेप स्पष्टपणे पिवळी निघाली. मेंढ्यांच्या लोकरीत असे होते आणि आधी पुरेशी लोकर न घेणे ही माझीच चूक होती. मला एका चौरस फुटाला साधारण ३५ तास लागतात. म्हणजे विणून झालेले आठ चौरस फूट उसवायचे, तर २८० तास पुसून टाकायचे होते. दोन दिवस मी मागावर बसले नाही, नुसती समोर बसून राहिले. मग आठवले की आई पहाटे गच्चीच्या त्या टोकापासून पापड घालत येत असे. दुपारपर्यंत तिकडचे सुकून पिवळसर पडलेले असत, त्यांच्या कडा उचललेल्या असत, आणि इकडचे अजून ओले, पांढरे असत. चित्राच्या वरच्या भागात म्हणजे नेमके ते दूरचे टोक होते. मी नवी पिवळी लोकर तशीच वापरली, वरच्या पापडांच्या कडेखाली गडद निळ्याची एक बारीक सावली विणली, आणि एक जागा रिकामी ठेवली, जेथे पापड उचलला गेला आहे आणि लुगड्यावर ओलसर वर्तुळ उरले आहे. रेखाटनात एका जातीच्या पांढऱ्या वर्तुळांची सुबक मांडणी होती. विणलेल्या कामात सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ आला. हे चित्र पहिल्या आठवड्यात काढलेले नव्हते. ते नवव्या आठवड्यात सुचले, आणि लोकर संपली नसती तर सुचलेही नसते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळते. कार्टून लागतच नाही असे म्हणणारेही मोठे कलावंत होऊन गेले आहेत. नॉर्वेची हाना रिगेन शेतावर राहून आपल्या लोकरीला स्वतः रंग देत असे आणि रेखाटनाशिवाय थेट मागावर विणत असे. नवऱ्याने तिला माग बांधून दिला होता. मुसोलिनीच्या आक्रमणावर तिने १९३५ मध्ये विणलेली ‘इथियोपिया’ १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेच्या दालनात लागली. वर्तमानपत्रातील बातमीवर काही महिने मागावर बसून राहणे म्हणजे काय, याचा विचार आपण जरूर करावा. कैरोजवळच्या हरानिया गावात रामसेस विसा वासेफ या वास्तुविशारदाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गावातल्या मुलांना माग दिले आणि रेखाटन करायचे नाही, कशाची नक्कल करायची नाही, मोठ्यांनी टीका करायची नाही, एवढेच नियम ठेवले. त्यांतील अनेकजण मोठे होऊनही तेथेच विणत राहिले. मी स्वतः कार्टून ठेवते, कारण मला मोठे आकार आधी तोलून पाहावे लागतात. पण त्यात रंग भरणे मी पंधरा वर्षांपूर्वी सोडून दिले.

आपल्या जवळची उदाहरणेही पाहावीत. मुंबईच्या मोनिका कोरिया १९६२ मध्ये अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल यांच्याकडे विणकाम शिकल्या आणि परतल्यावर मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात त्यांनी काम केले. विणता विणता मागाची फणीच काढून टाकायची, म्हणजे ताण्याचे धागे सरळ न राहता वाहू लागतात, ही त्यांची युक्ती. रूढ अर्थाने ती टॅपेस्ट्री नाही, पण मागाचा एक भाग काढून टाकून नवी रेषा मिळवणे हे मागावर बसलेल्या माणसालाच सुचू शकते.

रंगाविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. नैसर्गिक रंगांच्या ओढीने मी सुरुवातीला निळीवर हळद चढवून हिरवा केला होता. तो हिरवा अप्रतिम दिसे. ते काम एका इमारतीच्या उजेडाच्या दालनात लागले आणि चार-पाच वर्षांत त्यातली झाडे निळी झाली, कारण हळदीचा पिवळा उन्हात टिकत नाही आणि निळीचा निळा टिकतो. युरोपातल्या जुन्या टॅपेस्ट्रींमध्ये निळी पाने दिसतात त्याचेही कारण पिवळा उडून जाणे हेच आहे. आता पिवळ्यासाठी मी तुरटी दिलेल्या लोकरीवर डाळिंबाची साल वापरते, लालसाठी मंजिष्ठा. आणि बोअरच्या पाण्यात लोह असेल तर सगळेच रंग मळकट येतात, म्हणून पावसाचे पाणी साठवते. रंगवलेल्या प्रत्येक लडीचा तुकडा खिडकीत, अर्धा झाकून, सहा महिने ठेवल्याशिवाय मी तो रंग मोठ्या कामात घेत नाही. लोकरीला कसर लागते हेही विसरू नये. पावसाळ्यात मी दर पंधरवड्याला सगळ्या लडी झटकून उघड्यावर काढते.

आता निर्वाहाचा भाग. केवळ स्वतःच्या कामांवर माझे घर चाललेले नाही. वर्षाचे साधारण पाच महिने मी मागणीनुसार काम करते, ज्याचा दर चौरस फुटावर ठरतो आणि ज्यात निम्मी रक्कम ताणा लावण्यापूर्वी घेते. दोन महिने शिकवण्यात जातात. उरलेल्या काळात वर्षाला एक, क्वचित दोन, स्वतःची कामे होतात. विणण्याचे दिवसाला पाच तास, त्याहून अधिक नाही, कारण खांदे आणि डोळे दोन्ही थकतात आणि थकल्या डोळ्यांनी घेतलेला रंगाचा निर्णय दुसऱ्या दिवशी उसवावा लागतो. गोबेलँचा विणकर वर्षभरात साधारण एक-दीड चौरस मीटरच विणतो असे सांगितले जाते, हे ऐकल्यावर मला माझ्या वेगाची लाज वाटेनाशी झाली. वर्षाला मोजकीच कामे होणार असल्यामुळे विषय निवडताना मात्र मी फार कठोर होते. चार महिने ज्याच्या सहवासात राहवणार नाही, ते चित्र मी मागावर चढवत नाही. माझ्या वहीत अशी कित्येक रेखाटने आहेत, जी रेखाटने म्हणून चांगली आहेत आणि तशीच राहतील.

आपण चित्रकार आहात, म्हणून सुरुवात कशी करावी हे नेमकेपणाने सांगते. महागडा माग घेऊ नका. नळकामाच्या पाइपांचा आणि जोडांचा साधा उभा माग ब्रेननने लोकप्रिय केला. तसा माग कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानातून सामान आणून एका दिवसात बांधता येतो, आणि पाइपांवरच्या आट्यांनी ताणा घट्ट किंवा सैल करता येतो. ताण्याला घट्ट पिळाचे सूत घ्या, इंचाला सहा ते आठ धागे ठेवा. बाण्याला सतरंजीची किंवा गालिच्याची लोकर चालेल; मऊ, स्वेटरची लोकर घेऊ नका, ती ठोकली जात नाही. बाणा ताण्यातून सरळ ओढून घेऊ नका, त्याला कमानीसारखा ढिला टाका आणि मग ठोका, नाहीतर कडा आत ओढल्या जातात आणि काम वर जाता जाता अरुंद होते. ही सर्वांची पहिली चूक असते.

पहिले दोन महिने चित्र काढू नका. एकच रंगाचा, सहा इंचांचा, सरळ कडांचा चौकोन विणा. मग दोन रंगांची उभी सीमा घ्या : एकदा मध्ये फट ठेवून, एकदा धागे एकमेकांत अडकवून, एकदा दोन्ही रंगांची बोटे एकमेकांच्या क्षेत्रात शिरवून. फटीची सीमा धारदार दिसेल आणि तिच्यात सावली पडेल. बोटांची सीमा दुरून तिसऱ्या रंगासारखी दिसेल. तिन्ही नमुने भिंतीवर शेजारी लावा, दहा फुटांवर जाऊन पाहा, आणि सकाळच्या व संध्याकाळच्या उजेडात पाहा. त्यानंतर एक वर्तुळ विणा, आणि ते विणताना मध्यावर कोणता रंग आधी घ्यायचा हे कागदावर न लिहिता ठरवा.